घरी ‘फायनल’चा बेत? आधी घड्याळ आणि स्वयंपाकघर बघा!

खामगाव : मोठा सामना असला की एखाद्या घरी शेजारी, मामा-मावश्या, चिल्लीपिल्ली असे पंधरा-वीस जण सहज जमतात. पण असा बेत फसतो तो बहुधा सामन्यामुळे नाही, वेळेमुळे.

२ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. दुपारी तीनला सुरू होणारा खेळ नवी मुंबईतल्या पावसामुळे पाचला सुरू झाला. भारताच्या २९८ धावांना उत्तर देताना दक्षिण आफ्रिका २४६ वर आटोपली, तेव्हा मध्यरात्र होत आली होती. चहा-फराळाचा म्हणून ठरवलेला कार्यक्रम रात्रीच्या जेवणापलीकडे गेला. अशा वेळी आजोबांची गोळी आणि तान्ह्याची झोप दोन्ही चुकतात.

कोणता सामना निवडावा?

सगळ्या वयाची माणसे बोलवायची तर टी-ट्वेंटी बरा. आयपीएलचा साडेसातचा सामना साडेअकराच्या आसपास संपतो. सुट्टीच्या दिवशीचा दुपारी साडेतीनचा असेल तर आणखी सोयीचे. एकदिवसीय सामना आठ तासांचा असतो, त्यासाठी पाहुण्यांना दुसऱ्या डावालाच बोलवावे. कोणताही सामना असो, एक खोली अंधाराची आणि शांत ठेवावी. ज्याला झोप येईल त्याला उठून जाता आले पाहिजे, यजमानाची परवानगी न मागता.

स्वयंपाकघरात कोण?

खरी मेख इथेच आहे. दीप्ती शर्माने त्या अंतिम सामन्यात अर्धशतक ठोकले आणि पाच बळीही घेतले. तो सामना चालू असताना घरातल्या बायका भजी तळत असतील, तर बाहेरच्या खोलीत झाली ती पार्टी पुरुषांचीच. म्हणून गरम-गरम वाढावे लागणारे पदार्थ टाळावेत. शेगाव जवळच आहे, तिथली कचोरी थंडही चालते. सोबत चिवडा, काकडी, ताक. टी-ट्वेंटीत दोन डावांमध्ये साधारण वीस मिनिटे मिळतात, तेवढ्यात पुलाव-कढी ज्याने त्याने वाढून घ्यावी. ताटे उचलण्याची पाळी नाणेफेकीआधीच ठरवावी, आणि त्यात जावईबापूंचेही नाव असावे.

आधी शेजारी का ओरडतात?

अ‍ॅपवरचे चित्र टीव्हीच्या तुलनेत बरेच सेकंद मागे असते. त्यामुळे पलीकडच्या घरात ‘आउट’चा गलका होतो आणि इकडे गोलंदाज अजून धावतच असतो. जमल्यास डिश किंवा केबल लावावी आणि सगळ्यांचे मोबाइल स्कोअर न बघता बाजूला ठेवावेत. २००७ च्या कायद्यानुसार भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते डीडी फ्री डिशवर दिसतात, पण केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. घरी फ्री डिश असेल तर महागडे पॅक घेण्याआधी हे तपासावे. अ‍ॅपवरच बघायचे असेल, तर वीज गेल्यास इन्व्हर्टरवर टीव्हीबरोबर वायफायचा राउटरही चालतो ना, ते पाहावे. आयपीएलला अ‍ॅपवर मराठी समालोचन असते, आजीसाठी ते लावायला हरकत नाही.

मुलांना काय काम?

चार तास गप्प बसा म्हटले तर मुले ऐकणार नाहीत. वही-पेन द्यावे आणि चेंडूगणिक धावा लिहायला सांगाव्यात. आजोबा बाजूला बसले की १९८३ च्या लॉर्ड्सवरच्या १८३ धावांची गोष्ट आपोआप निघते. ‘पुढच्या ओव्हरला किती’ यावर दहा-वीस रुपयांची पैज मात्र मुलांसमोर नकोच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली आहे, हे घरातल्या मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे.

गच्चीवर किंवा चौकात पडदा लावायचा तर?

एप्रिल-मे मध्ये खामगावात घरापेक्षा गच्ची बरी वाटते. पण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा आवाज टीव्हीचाच ठेवावा. फटाके तर शेजारच्या म्हाताऱ्यांना आणि कुत्र्या-मांजरांना विचारूनच! मंडळाने चौकात पडदा लावायचा असेल तर प्रसारण कंपनीची आणि पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. तिकीट मुळीच लावू नये : पैसे घेऊन लोकांना प्रसारण दाखवणे हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रसारकाच्या हक्काचे उल्लंघन ठरते. वर्गणीतून कचोरी आणायची असेल तर तो हिशेब वेगळा ठेवावा.