घाटेअळीचा मातीतला वैरी

नवी मुंबईत पारसिकच्या उतारावर झाडाखालची मूठभर माती उचलली, तर किडींवर जगणारी बुरशी तिच्यात असू शकते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण तिला उघडं पाडायची युक्ती साधी आहे. ओलसर मातीच्या डबीत मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या सोडायच्या आणि डबी अधूनमधून उलटी करायची, म्हणजे अळ्या मातीभर फिरतात. मेलेल्या अळ्या दमट जागी ठेवल्या की बुरशी अंगावर उगवून येते. पांढरी असेल तर बहुधा बिव्हेरिया, हिरवी असेल तर मेटारायझियम!

रोगकारक जिवाणू-विषाणू बहुतेकदा किडीच्या पोटातून शिरतात. ही बुरशी सरळ कातडीतून शिरते. बीजाणू अंगाला चिकटतो, रुजतो, आणि प्रथिनं व कायटिन विरघळवणारी विकरं सोडत, वरून जोर देत कवच भेदतो. आत बुरशी रक्तात वाढते, कीड काही दिवसांत मरते आणि हवेत ओल असली की शवातून असंख्य नवे बीजाणू बाहेर पडतात. 1835 साली इटलीत अगोस्तिनो बास्सीने रेशीमकिड्यांचा रोग अशाच बुरशीमुळे होतो हे दाखवलं, तेव्हा लुई पाश्चर शाळकरी मुलगा होता. 1879 मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफने गव्हावरच्या भुंग्यांविरुद्ध मेटारायझियम वापरून पाहिलं.

पण बुरशी सापडणं ही फक्त सुरुवात. खळ्यावर बियाण्यासाठी कणीस निवडावं, तशी तिची निवड करावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी तूर-हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी देशी मेटारायझियमची अशीच पारख केली. अळी किती लवकर मरते, बीजाणू किती झपाट्याने रुजतात, किती संख्येने तयार होतात, विकरं किती जोमदार आहेत, हे सारं पाहिलं जातं. बुरशीला प्रयोगशाळेतल्या आयत्या अन्नावर पुन्हापुन्हा वाढवलं, तर तिची मारकशक्ती उतरते. तिला परत किडीवर पोसलं की ती शक्ती पुन्हा वाढते. शत्रूशी झुंजतच तिची धार टिकते, हे मला फार विलक्षण वाटतं.

देशी वाणाचं मोल शेतात कळतं. कडक ऊन बीजाणूंना काही तासांत निकामी करतं आणि कोरड्या हवेत ते नीट रुजत नाहीत. जो वाण आपल्याच उन्हाळ्यात आणि पावसात पिढ्यानपिढ्या टिकला, त्याला ही परीक्षा नवी नसते. उसाच्या मुळांवरच्या हुमणीसाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून जमिनीत देतात, कारण तिथे ऊन पोचत नाही आणि ओलही टिकते.

म्हणून डोंगरउतार आणि शेतं काँक्रीटखाली जाण्याआधी तिथल्या मातीचे नमुने तपासून जपायला हवेत. उद्याच्या नव्या किडीवरचा इलाज त्यांतल्याच एखाद्या वाणात असू शकतो, आणि माती गेली की तो वाणही जातो.