फ्लूची लस घेतली आणि ताप आला. लसीमुळेच फ्लू झाला का?

महाराष्ट्रात फ्लूचे सर्वाधिक रुग्ण साधारणपणे जून ते सप्टेंबरदरम्यान सापडतात. त्यामुळे नवी मुंबईतही अनेक जण पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूची लस घेतात. पण दुसऱ्या दिवशी अंग दुखलं की 'लसीनेच आजारी पाडलं' असं म्हटलं जातं आणि पुढच्या वर्षी घरातल्या आजी-आजोबांची लसही टळते. फ्लूचा सर्वात जास्त धोका मात्र त्यांनाच असतो.

मग ताप का येतो?

इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या लसीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. शरीर संरक्षणाची तयारी करू लागतं, तेव्हा हलका ताप, डोकेदुखी, अंगदुखी जाणवू शकते. दंडावर सूज आणि लालसरपणाही येतो. हा त्रास बहुतेकांना एक-दोन दिवसच होतो.

संरक्षण तयार व्हायला मात्र साधारण 2 आठवडे लागतात. त्याआधी फ्लूची लागण झाली, तर दोष लसीवर येतो.

लस घेतल्यावर काय करावं?

- 15 ते 30 मिनिटं दवाखान्यातच थांबा. चक्कर किंवा तीव्र ॲलर्जी आली तर लगेच उपचार मिळतात.
- दंडावर गार पाण्याची पट्टी ठेवा. चोळू नका. हात हलता ठेवा.
- भरपूर पाणी प्या, आराम करा.
- ताप किंवा दुखणं जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

श्वास घ्यायला त्रास, चेहरा किंवा घसा सुजणं, अंगभर पित्त उठणं ही तीव्र ॲलर्जीची लक्षणं आहेत. ती बहुतेकदा काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. अशा वेळी 108 वर फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तरी डॉक्टरांना दाखवा.

हातापायांत अशक्तपणा वाढत गेला, तर तातडीने तपासून घ्या. गिया-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार लसीनंतर अतिशय क्वचित, 10 लाख डोसमागे एखाद-दोन जणांना होऊ शकतो. खुद्द फ्लू झाल्यानंतर मात्र त्याचा धोका यापेक्षा जास्त असतो.

लसीचा गंभीर त्रास झाल्यास 1800-180-3024 या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

लस दरवर्षी का?

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसही बदलते. मागच्या वेळी तीव्र ॲलर्जी आली असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना ते नक्की सांगा. नुसता दंड दुखला होता, म्हणून लस टाळू नका.