शिनोळीच्या पलीकडचं घर

इंग्लंडातले पेन्शनर उन्हाच्या ओढीनं स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेतात. चंदगड तालुक्यातला पेन्शनर शिनोळीची हद्द ओलांडून बेळगावला घेतो. ओढ त्याचीही उन्हाचीच. चंदगडच्या पश्चिम भागात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या बेळगावात त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्या अंतरात हवा इतकी बदलते की तिकडं जुलैत धुणं दोरीवर वाळतं, इकडं ते शेगडीवर धरावं लागतं. गुडघे धरलेल्या माणसाला एवढं कारण पुरतं.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या घरांचं गणित तीन-चारदा बदललं. सुरुवातीला तर बेळगाव म्हणजे दुसरं राज्य नव्हतंच. चंदगड बेळगाव जिल्ह्यात होता. कचेरी, कोर्ट, बाजार, रेल्वे, सगळं तिथं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एक चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. कचेरी लांब गेली, पण रताळी बेळगावच्याच बाजारात जात राहिली आणि लग्नाचा बस्ताही तिथंच होत राहिला. पुढं म्हातारपणाच्या घराचा प्रश्न आला तेव्हा माणसं सवयीच्या वाटेनं निघाली. मधे राज्याची हद्द आली आहे, हे बऱ्याच जणांना खरेदीखताच्या दिवशी कळलं.

साठ-सत्तरच्या दशकांत मात्र म्हातारपणासाठी घर विकत घ्यायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत. गावकीच्या खोलीत वळकटी, पाळी संपली की त्याच जागेवर दुसरा झोपणार. निवृत्ती म्हणजे फंडाचे पैसे घेऊन गावी परतणं आणि बापाच्या घराचे नळे बदलून मंगलोरी कौलं घालणं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात ओढले गेले, आणि त्यातल्या कितीतरी जणांची निवृत्ती चाळिशीतच आली. गावी आल्यावर कळलं की घर आहे, पण सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव आहे, वारस नोंद झालेली नाही आणि वाटेकरी सतरा. फंडाचे पैसे भावकीच्या भिंतीत घालायचे का, हा त्या पिढीचा पहिला व्यवहारी प्रश्न. ज्यांनी वाटणी न करता घातले त्यांच्या घरात आज पुतणे राहतात.

फौजींची गोष्ट वेगळी. या भागात घरटी नाही तरी गल्लीत एखादा फौजी सापडतोच. तो पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. म्हणजे म्हातारपणाचं घर तो तरुणपणीच बांधतो. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर, कॅम्पात मिलिटरी हॉस्पिटल, कँटीन. २००३ पासून माजी सैनिकांच्या उपचारांची योजना आली, त्यामुळं औषधांसाठीही पाय तिकडंच वळतो. हिंडलगा, गणेशपूर, बेनकनहळ्ळी या बाजूला फौजींनी प्लॉट घेतले, ते माझ्या मते सगळ्यात शहाण्या हिशेबानं. वेंगुर्ला रस्त्याला लागलं की बाची, शिनोळी आणि घरचा रस्ता. दवाखाना जवळ, गाव जवळ आणि शेजारी मराठी बोलणारे. घर कुठं घ्यावं हे त्यांनी दर महिन्याला जावं लागणाऱ्या ठिकाणांवरून ठरवलं. घराचा दर्शनी भाग पाहून भुललेले त्यांच्यात कमी.

मास्तर, एसटीवाले, बँकवाले आणि कारखान्यावरचे कारकून या वाटेला लागले ते नव्वदनंतर. मास्तरांच्या हातात पाचव्या आणि सहाव्या वेतन आयोगाचे फरक आले होते, पोरं शिकायला बेळगावात खोली करून होतीच. खोलीचं भाडं भरण्यापेक्षा प्लॉट घेऊ, पोरं शिकतील, मग आम्ही राहू. या एका वाक्यावर शेकडो घरं उभी राहिली असतील. पोरं शिकली आणि पुण्याला गेली. घरं राहिली.

त्या काळातला मोठा घोटाळा बाँडवरच्या जागांचा. शहराच्या कडेला शेतीचे तुकडे पाडून शंभराच्या स्टँपवर लिहून द्यायचे, ताबा द्यायचा, बस्स. ना बिनशेती, ना मंजूर लेआउट, ना नोंदणी. जागा स्वस्त पडायची, म्हणून पेन्शनर तिथंच पहिला जायचा. घर बांधून वीस वर्षं राहिला तरी कुणी हटकलं नाही. विकायची वेळ आली तेव्हा बँक कर्ज देईना, गिऱ्हाईक निम्म्या भावात मागू लागलं. ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे नमुने मागतात, शहरात असेल तर खात्याचा उतारा. सगळं कन्नडमध्ये. आजोबांचा १९५६ पूर्वीचा बेळगावचा कागद मराठीत होता, नातवाला तो वाचता येतो. बापाचं २००१ चं खरेदीखत मात्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. सही करताना बापानंही ते कुणाकडून तरी ऐकलंच होतं, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा एजंट असायचा. आपल्या पैशानं वकील लावून ते खत आधी मराठीत ऐकण्याचा खर्च प्लॉटच्या किमतीपुढं किरकोळ होता. तो वाचवणारे खूप भेटतात.

बांधकामात एक चूक घराघरांत दिसते. खाली दोन बिऱ्हाडं भाड्यानं, वर मालक. अठ्ठावन्नाव्या वर्षी जिना चढायला काही वाटत नाही, वरून वारं येतं, गच्ची मिळते. पंचाहत्तरीत तोच जिना माणसाला घरात कोंडतो. मग भाडेकरू काढायची खटपट, कारण खाली एक खोली पाहिजे आणि कमोड पाहिजे. गणेशपूरकडच्या एका घरात मी जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची बघितली. वर जाताना काका तिथं बसतात, दम घेतात, पेपर तिथंच वाचतात. काकूंना त्या घराबद्दल विचारलं तर त्या आमच्याकडच्या बायका बोलतात तसं बोलल्या, "मी तर गावालाच ऱ्हातो म्हणत होतो. ह्यांना दवाखाना पाहिजे होता." मग जरा थांबून, "दवाखाना हाय म्हणा."

गावाकडं बांधलेल्या घरांची चूक निराळी. मुंबईत किंवा बेळगावात बघितलेला सपाट स्लॅब इथं आणला. पश्चिम भागात स्लॅबवर पाणी चार महिने हटत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात छताला ओल, पाचव्यात पोपडे, कपाटातल्या कोटाला बुरशी. मग स्लॅबवर लोखंडी कैच्या उभ्या करून पत्रा. आज तालुक्यात कुठल्याही रस्त्यानं जा, बंगल्यावर पत्र्याचं दुसरं छप्पर दिसतंच. जुन्या माणसांनी चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं आणि पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झडी लावल्या होत्या त्या हौसेनं नव्हेत. पत्र्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरणारा अजून मला भेटलेला नाही.

हद्दीचा खरा अर्थ मात्र २०१९ नंतरच्या पाच वर्षांत कळला. २०२० च्या मार्चअखेर कोरोनामुळं राज्यांच्या हद्दी बंद झाल्या. बेळगावात राहणाऱ्याची शेती चंदगडात आणि चंदगडात राहणाऱ्याचा डॉक्टर बेळगावात, मधे शिनोळीला बॅरिकेड. पास काढून, नाक्यावर हात जोडून माणसं गेली. पुढच्या वर्षी कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा दाखला मागितला. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बोंडं झाडाखाली पडली आणि मालक बेळगावात, असंही झालं. मग २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला, दगडफेक झाली, दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या. असं अधूनमधून होतंच, दोन-चार दिवसांत बसा सुरूही होतात. पण डायलिसिसचा वार त्या दोन-चार दिवसांतच येतो.

बारीकसारीक गोष्टींतही हद्द भेटते. महाराष्ट्राच्या एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. पण हे सगळं राज्याच्या हद्दीपर्यंत. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट, पण पत्ता कर्नाटकातला पाहिजे आणि प्रवास कर्नाटकातला पाहिजे. त्यामुळं आधारवर पत्ता कुठला ठेवायचा हा नवरा-बायकोत चर्चेचा विषय झाला. यावर हसू येतं खरं, पण त्याच पत्त्यावर रेशन कार्ड, मतदान, गाडीचा नंबर आणि राज्याच्या आरोग्य योजनेचं कार्ड चालतं. एमएच नंबरची गाडी कायम तिकडं ठेवली तर कर तिकडं भरावा लागतो. केंद्राच्या योजनेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आले, ते कार्ड हद्द ओलांडतं. म्हणून सत्तरी गाठलेल्यांनी ते आधी काढावं. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचा हेलपाटा २०१४ ला जीवन प्रमाण आल्यापासून घरबसल्या टळू शकतो. बोटांचे ठसे झिजलेल्यांना आता चेहरा दाखवूनही तो काढता येतो.

इंग्रज पेन्शनरांवर हीच वेळ २०२१ पासून आली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि ज्यांनी स्पेनमध्ये रहिवासी म्हणून नाव नोंदवलं नव्हतं त्यांना १८० दिवसांत ९० दिवसच स्वतःच्या घरात राहता येऊ लागलं. घर विकत घेणं वेगळं आणि तिथं राहायचा हक्क वेगळा, हे त्यांना घर घेऊन झाल्यावर उमगलं. आपल्या शेजारी गोव्यातही दोन हजारच्या दशकात परदेशी माणसांनी घरं घेतली, फेमा कायद्याखाली चौकशा लागल्या, नोंदण्या अडल्या. त्या मानानं चंदगडकर सुखी. त्याला बेळगावात राहायला कुणी हरकत घेत नाही.

आता वाहतूक उलटीही सुरू आहे. २०२३ च्या जानेवारीत गोव्यात मोपाचं विमानतळ सुरू झालं. तिलारी घाट, दोडामार्ग आणि पलीकडं गोवा. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे लोक कोदाळी, इसापूर, पारगडच्या बाजूला म्हातारपणासाठी जागा बघत फिरतात. येतात डिसेंबरात. ऊन कोवळं, रान हिरवं, धुकं दहाला उठतं. त्यांना जुलैत एक आठवडा राहून बघा म्हटलं की एजंट विषय बदलतो.

त्यांच्यापुढं कायद्याची भिंत मोठी आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकानं अशी अट २०२० ला काढून टाकली, त्यामुळं शिनोळीच्या अलीकडं एक नियम आणि पलीकडं दुसरा. त्यात तुकडेबंदी: २०२३ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीची मर्यादा वीस गुंठे आणि बागायतीची दहा गुंठे झाली, म्हणून दोन गुंठ्यांचा 'फार्म प्लॉट' विकणाऱ्याला आधी मंजूर लेआउट मागावा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय पुढं सरकू नये. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघते आहे, चंदगडात संवर्धन राखीव क्षेत्रही झालं आहे. आणि हत्ती. २००२ च्या सुमारास ते दांडेलीच्या बाजूनं आले आणि इथलेच झाले. ऊस, केळी, माड, कशालाच ते ना म्हणत नाहीत. गवे तर रोजचे. जेवून अंगणात फेऱ्या मारायची सवय असलेल्या निवृत्त माणसानं रात्रीच्या अंगणाचीही चौकशी करावी.

दुबई-मस्कतला गेलेल्या इथल्या पोरांची अडचण आणखी निराळी. अनिवासी भारतीयाला बेळगावात फ्लॅट घेता येतो, पण गावाकडं शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, स्वतःच्या बांधाला लागून असली तरी. वारसानं येते ती ठेवता येते. म्हणजे म्हातारपणी गावात राहायचं असेल तर बापाच्या हयातीत वारस, वाटणी आणि फेरफार नीट होणं हाच त्याचा खरा व्यवहार.

सध्या चालू आहे ते बाप गेल्यानंतरचं काम. बेळगावातल्या घराचा वरचा मजला बंद, बहीण पुण्यात, भाऊ दुबईत. मृत्युपत्र केलेलं नसतं, आणि असलं तर त्यात चंदगडची जमीन असते, बेळगावचं घर राहून गेलेलं असतं. दुबईच्या भावाला येता येत नाही, म्हणून तो तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात वटमुखत्यारपत्र करतो. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. गेल्या महिन्यात एकाचं पत्र कुरिअरनं वेळेत आलं, पण ते चंदगडच्या पत्त्यावर, आणि मुद्रांक भरायचा होता बेळगावात. बहीण पुण्याहून रजा काढून आली, बेळगावला उतरून चंदगडला गेली, पाकीट घेऊन परत शिनोळी ओलांडली. भाडेकरू खाली अजून राहतोच आहे.