पिवळी फरशी संपते तिथून पुढे

लोकलच्या फलाटावर एक बीप-बीप आवाज अखंड चालू असतो. तो कशासाठी, हे रोजच्या प्रवाशांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. अपंगांचा डबा जिथे येऊन थांबतो ती जागा अंधांना कळावी म्हणून तो आहे. घाटकोपरचे माझे एक अंध स्नेही, बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, त्या आवाजाच्या भरवशावर एकटे हिंडतात. मेट्रोही त्यांना मानवते. २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गाच्या स्थानकांत उंचवट्यांची पिवळी फरशी आहे. तिच्यावरून काठी सरकवीत ते फलाट गाठतात. परीक्षा सुरू होते ती जिना उतरून रस्त्यावर आल्यावर.

ही फरशी मूळची जपानची. सेईची मियाके यांनी ती तयार केली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळ, ती पहिल्यांदा बसवली गेली. लांबट पट्टे म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. लिपी एवढीच, पण उपनगरातल्या एका नव्या पदपथावर हे पट्टे सरळ झाडाच्या बुंध्याला जाऊन भिडलेले मी पाहिले आहेत. रंग पिवळा, तो अंधुक दिसणाऱ्यांसाठी. सुशोभीकरणाच्या हौसेने तीच फरशी करड्या रंगात बसवली, की त्यांच्या लेखी ती नसल्यासारखीच.

स्नेही फेरीवाल्यांवर चिडत असतील, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. "अहो, वडेवाला माझा मैलाचा दगड आहे," ते म्हणतात. "तेलाचा वास आला की डावीकडे वळायचं. घात करते ती काल नसलेली मोटरसायकल." त्याहून वाईट कमरेच्या वरचे अडथळे. काठी जमिनीलगतचेच सांगते. दुकानाची लोंबती पाटी नाहीतर टेम्पोचा उघडा फाळका थेट कपाळाला भेटतो.

सिग्नलला आवाज हवा, झेब्रा पट्ट्यांवर स्पर्शाला जाणवणाऱ्या खुणा हव्यात, हे १९९५ च्या अपंग कायद्यातच लिहिले होते. अर्थात सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत! २०१६ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. स्नेह्यांच्या वाटेवरचा सिग्नल अजून मुकाच आहे. आपल्या दिशेच्या गाड्यांचा लोंढा सुटला, म्हणजे आडव्या गाड्या थांबल्या, या हिशेबाने ते रस्ता ओलांडतात. पण डावीकडे वळणारे कोणासाठी थांबत नाहीत, आणि विजेवरच्या स्कूटरी तर ऐकूच येत नाहीत.

वाचकांपैकी कोणी मदतीला धावणार असेल, तर एक करावे. दंड धरून ओढू नये. आधी विचारावे, हो म्हटले तर आपले कोपर पुढे करावे. ते धरून अंध माणूस अर्धे पाऊल मागून चालतो. आमच्या स्नेह्यांना एका सज्जनाने न विचारताच मोठ्या प्रेमाने रस्ता पार करून दिला होता. ते बिचारे अलीकडच्या थांब्यावर बसची वाट पाहत उभे होते.