पडकई : उताराला खाचर करणारे हात

डिंभ्याहून आहुप्याकडे जाताना बहुतेकांची नजर सह्याद्रीच्या कड्यांवर खिळते. माझी मात्र वर्षानुवर्षं रस्त्याकडेच्या दगडी तालींवर अडकते. उतारावर एकाखाली एक भातखाचरं, आणि प्रत्येकाला खालून पेलणारी, चुना-सिमेंटाशिवाय रचलेली ताल. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी शेतकऱ्यांनी पडीक उतार लागवडीला आणण्यासाठी जपलेली ही सामूहिक श्रमाची रीत म्हणजे पडकई.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि नदीकाठची चांगली खाचरं बुडाली. उरला वरकस उतार. त्यावर नाचणी-वरई घ्यायची नि मग जमीन काही वर्षं टाकून द्यायची. टाकलेल्या जमिनीत घाणेरी माजते.

भाताची कापणी-झोडणी उरकली की पडकई सुरू होते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण. आधी साफसफाई. घाणेरी मूळची अमेरिकेतली, इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून इकडे आली आणि पाखरांनी तिचं बी रानोमाळ नेलं. कोयत्याने छाटली तर ती दुप्पट फुटते. खोड नि मूळ जिथे जुळतं, त्याच्या खाली कुदळ घालून, फळ धरण्याआधी तिला उपटावं लागतं. पण सगळंच साफ करणं म्हणजे जमीन सुधारणं नव्हे. हिरडा राखायचाच, बाळहिरडा विकून घरात रोकड येते आणि त्याची मुळं उतार धरून ठेवतात. बांधाकडेची करवंदाची जाळीही राहू द्यावी.

यानंतरचं काम मी तासन्‌तास बघू शकतो. वरची कसदार माती आधी बाजूला काढतात. उताराची वरची बाजू खणून खालच्या बाजूला भर घालतात आणि शेवटी ती माती पुन्हा वर पसरतात. तालीचा पाया कठीण मुरमापर्यंत जातो. थोराड दगड तळाला, फटींत चिपा, आणि सगळी ताल किंचित डोंगराकडे कललेली. दगडांच्या फटींतून पाणी झिरपतं, म्हणून मागे दाब साठत नाही. जादा पाणी सांडव्यातून खालच्या खाचरात उतरतं. सांडवा कुठे ठेवायचा हे ठरतं ते मागच्या पावसाळ्यात पाणी कुठून धावलं होतं, या आठवणीवर.

या कामामागे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची 'शाश्वत' संस्था चिकाटीने उभी राहिली. 2012 साली तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुढे सरकारनेही पडकईची योजना आणली.

30 जुलै 2014 रोजी मुसळधार पावसात याच पट्ट्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली आणि उतारांवरच्या यांत्रिक सपाटीकरणावर प्रश्न उठले. माझं मत ठाम आहे : तीव्र उतारावर अवजड यंत्र नकोच. यंत्र एका दिवसात जितका डोंगर मोकळा करतं, तितक्याला पावसाआधी ताल घालणं हातांना शक्य नसतं. पडकईत जेवढं खणलं तेवढंच त्या मोसमात बांधून होतं. तिची सुरक्षितता या संथपणातच आहे. म्हणून सरकारी पैसा यंत्राच्या तासांवर नव्हे, गावातल्याच हातांच्या दिवसांवर खर्च व्हावा, आणि जुन्या तालींच्या दरसालच्या डागडुजीलाही त्यात वाटा मिळावा.