रागांना डिस्कोचा ठेका!

गिटारवाल्यांनी नाकारलेलं एक मशीन मुंबईच्या एका म्युझिशियनने हाती घेतलं आणि त्यावर चक्क भैरवी वाजवली. दाद मिळायला मात्र २८ वर्षं लागली.

शनिवारी रात्री क्लबमध्ये ज्या वळत-घसरत जाणाऱ्या बेसवर पाय आपोआप थिरकतात, ते म्युझिक म्हणजे ॲसिड हाऊस. जन्मगाव शिकागो, ग्रुप फ्यूचर, गाणं ‘ॲसिड ट्रॅक्स’, साल १९८७. इथवर सगळं ठीक. पण १९८२ मध्ये मुंबईत बनलेली एचएमव्हीची एक एलपी ऐका, कान टवकारतील. तसाच बेस, तसाच ठेका... आणि वर आपले राग!

रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. कलाकार चरणजित सिंग. हे डीजे वगैरे नव्हते. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार, बेस वाजवणारे. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच नोकरी. काम आपलं, नाव दुसऱ्याचं!

‘कुर्बानी’नंतर (१९८०) डिस्कोची लाट आली होती. सिंग यांनी ठेका तोच घेतला, पण त्यावर राग वाजवायचं ठरवलं. सोबतीला रोलँडची तीन मशीन्स : टीआर-८०८ ठेक्याला, ज्युपिटर-८ सुरावटीला आणि टीबी-३०३ बेसला. यातलं ३०३ बनवलं होतं गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून. पण ते खऱ्या बेससारखं वाजेचना. विक्री आपटली, तीनेक वर्षांत उत्पादन बंद! त्यात एक सोय मात्र होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. आपल्याकडे यालाच मींड म्हणतात. रागाला ते फिट्ट बसलं.

यात आजच्यासारखं सॅम्पलिंग नाही. कुठल्या जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचललेला नाही. बेसचे सूर एकेक करून मशीनमध्ये भरायचे, ठेक्याशी जुळवायचे आणि वर राग वाजवायचा.

रेकॉर्ड आली आणि गेली. सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच रेकॉर्डवेड्याला दिल्लीत तिची प्रत सापडली. २०१० मध्ये त्याने ती नव्याने काढली, तेव्हा अनेकांना ही कुणीतरी केलेली थट्टाच वाटली! मग सत्तरी गाठलेले सिंग युरोपात लाइव्ह वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये ते गेले.

मग ॲसिड हाऊसचा शोध मुंबईचा? म्हणायचा मोह होतो, पण नाही. शिकागोच्या पोरांनी ही एलपी ऐकल्याचा पुरावा नाही. ते त्यांच्या वाटेने गेले. सिंग यांनाही पहिला नंबर काढायचा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाजवताना एकदा स्वतःच्या मनातलं वाजवायचं होतं. ते त्यांनी वाजवलं, आणि पूर्ण केलं.

ऐकून बघाच!
सुरुवात भैरवीने करा. मग ललत, तोडी, यमन, मालकंस. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. वीकेंडला अलिबागला निघालात तर गेटवे ते मांडवा बोटीत हेडफोन लावा. किनारा येईपर्यंत जवळजवळ अख्खी एलपी ऐकून होईल.