नाच शिकवण्याआधी काय शिकावे?

नवरात्र जवळ आली की सोसायटीच्या हॉलमध्ये, गच्चीवर गरब्याचे वर्ग सुरू होतात. शिकवणारे बहुतेक हौशी असतात, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शिकवणारे. त्यात गैर काही नाही. त्यांच्यामुळे अनेकांचा व्यायाम होतो. पण पंचवीस-तीस जणांचे गुडघे, कंबर आणि हृदय ज्याच्या भरवशावर सोडायचे, त्याला शरीराची किती माहिती आहे, हे कोणी विचारत नाही.

नृत्यवर्ग काढायला कायद्याने कोणतीही पदवी लागत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांतून कथक, भरतनाट्यमची तयारी पारखली जाते. झुंबाचे प्राथमिक प्रशिक्षण एका दिवसाचे असते. मात्र स्वतः उत्तम नाचणे आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे नाचवणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

भरतनाट्यममधील अरैमंडीच घ्या. पाय बाहेर वळायला हवा तो मुख्यतः खुब्यातून. खुबा तेवढा वळत नसताना ‘अजून उघड’ असे सांगत राहिले, तर मुलगी पावले जमिनीवर रेटते आणि गुडघा पिळवटतो. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा, कंडरा हाडाला जोडला जातो तो भाग नाजूक असतो. काँक्रीटवरच्या फरशीवर रोज पाय आपटल्याने तो दुखू लागतो. नडगीवर किंवा पावलावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारे, नाचताना वाढणारे दुखणे हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी ‘सवय होईल’ म्हणणे घातक ठरते.

चाळिशीपुढच्यांची काळजी वेगळी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम अशी तक्रार आली की नाच थांबवून 108 ला फोन करावा. कोणी कोसळले, प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाब द्यावा. हे काही तासांत शिकता येते.

बाकीचे मात्र अनुभवी माणसाजवळ राहूनच येते. एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही डॉक्टरला वर्षभर वरिष्ठांच्या नजरेखाली काम करावे लागते. नृत्यशिक्षकानेही स्वतंत्र वर्ग काढण्याआधी काही महिने जाणत्या गुरूंचा सहायक व्हावे आणि पुढेही अधूनमधून त्यांना आपला वर्ग पाहायला बोलवावे. नृत्यसंस्थांनी प्रमाणपत्रासाठी प्रथमोपचार आणि ही उमेदवारी सक्तीची केली, तर हौशी शिक्षकांना कमीपणा येणार नाही, उलट त्यांच्यावरचा विश्वास वाढेल.

तोवर पालकांनी फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आपण कोणाच्या हाताखाली शिकवायला शिकलात? सुरुवातीला अंग मोकळे करायला किती वेळ देता? मूल दुखते म्हणाले तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘थांबवतो’ असे आले, तर निर्धास्तपणे नाव घालावे.